रोगाचा वास आणि जनावराचं नाक

कोकणात हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव लागतो, तेव्हा मासळी घ्यायला आलेली बाई बांगड्याचा कल्ला बोटाने उचलते, आतला रंग बघते आणि मासा नाकाजवळ नेते. दोन क्षणांत तिचा निर्णय झालेला असतो. तिने केली ती रासायनिक तपासणीच. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात राहून अंगातलं पाणी टिकवायला तो माशाला लागतो आणि त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. मासा मेल्यावर जीवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात. आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो बराचसा याचा. मोरीची, म्हणजे छोट्या शार्कची, गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्या अंगात युरिया भरपूर असतो, जीवाणू त्याचा अमोनिया करतात, म्हणून शिळी मोरी नाकात झोंबते. म्हणजे जीवाणू कामाला लागलेत का, किती वेळ लागलेत आणि कशावर लागलेत, हे त्या बाईला वासावरून कळतं.

आजाराचा वास येतो तो याच मार्गाने. आणि हेच ट्रायमिथिलअमाइन माणसाच्या अंगालाही येऊ शकतं. अंडी, मासे यांतल्या काही घटकांपासून आपल्या आतड्यातले जीवाणू ते रोज तयार करत असतात. यकृतातलं एक एन्झाइम त्याला पुन्हा बिनवासाचं करतं, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. काही जणांमध्ये जन्मतःच हे एन्झाइम नीट काम करत नाही. मग घामाला, श्वासाला, लघवीला मासळीसारखा वास येत राहतो. दिवसातून तीनदा आंघोळ केली तरी तो जात नाही. असा माणूस अस्वच्छ नसतो, आजारी असतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण अंगाच्या वासावरून माणसाला नावं ठेवणं आपल्याकडे फार सहज चालतं.

जुन्या वैद्य-डॉक्टरांना हे वास ठाऊक होते. मधुमेह हाताबाहेर गेला की रक्तात अ‍ॅसिटोन वाढतं आणि श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो. यकृत निकामी होत आलेल्या रुग्णाच्या तोंडाला एक कुबट, गोडूस वास येतो. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत अंगाला आणि लघवीला मुंग्या लागणं सांगितलंय. साखर हवेत उडत नाही, तेव्हा तिथे मुंगीचं काम चवीचं असणार. पण जनावराच्या वागण्यावरून माणसाचा आजार ओळखण्याची ही आपल्या ग्रंथांतली फार जुनी नोंद आहे.

आता वास म्हणजे नेमकं काय, ते बघू. वास यायचा तर त्या पदार्थाचे रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोचायला हवेत. असे सहज उडणारे शेकडो पदार्थ आपल्या श्वासातून, घामातून, त्वचेच्या तेलकटपणातून आणि लघवीतून सतत बाहेर पडत असतात. पेशी अन्न कसं जाळतात, शरीरात दाह आहे का, कोणते जंतू वाढतायत, यानुसार या मिश्रणाचं प्रमाण बदलतं. क्षयाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवले तर ते मिथाइल निकोटिनेटसारखी काही खास संयुगं सोडतात. कर्करोगाच्या पेशींचा चयापचय निरोगी पेशींपेक्षा वेगळा चालतो, म्हणून त्यांची उत्सर्जनंही वेगळी. बहुतेक आजारांना एकच एक वास नसतो. पन्नास पदार्थांपैकी चार वाढलेले, दोन घटलेले, अशी ती बदललेली जुळणी असते. आपल्या नाकाला ती सहसा पकडता येत नाही, कारण ती फार विरळ असते.

कुत्र्याला ती का पकडता येते? माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या घरात असतात, तर कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून जास्त. वासाचे ग्राहक, म्हणजे वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं, बनवणारे चालू जनुक माणसात सुमारे ४००, कुत्र्यात त्याच्या दुपटीच्या आसपास, उंदरात हजाराच्या पुढे आणि आफ्रिकी हत्तीत जवळजवळ २,०००. या ग्राहकांच्या जनुकांचं मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधून दाखवलं आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण नुसत्या पेशींच्या संख्येपेक्षा मला कुत्र्याच्या नाकाची बांधणी जास्त थक्क करते. आपण घेतलेली हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते, आणि जाताना ताजा वास ढवळून टाकते. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला एक चीर असते. उच्छ्वास त्या चिरेतून मागे, बाजूला फेकला जातो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. आत घेतलेल्या हवेतला एक छोटा हिस्सा, साधारण आठवा भाग, वेगळा होऊन नाकाच्या मागच्या बाजूला एका कोनाड्यात जातो. वासाच्या पेशी तिथेच दाटीने असतात. बाकीची हवा सरळ फुप्फुसांत जाते. हुंगताना हे सगळं सेकंदाला पाचेक वेळा होतं.

कुत्र्याच्या या नाकाचा संबंध डॉक्टरांनी आजाराशी पहिल्यांदा गांभीर्याने जोडला तो १९८९ मध्ये, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका छोट्या पत्रात. हायवेल विल्यम्स आणि अँड्रेस पेम्ब्रोक या ब्रिटिश डॉक्टरांनी ते लिहिलं होतं. त्यांच्याकडे आलेल्या एका बाईचा कुत्रा तिच्या पायावरचा एकच तीळ सारखा हुंगायचा. पायावर कपडा असला तरी हुंगायचा, बाकीच्या तिळांकडे ढुंकूनही बघायचा नाही. एकदा तर त्याने तो तीळ चावून काढायचा प्रयत्न केला. शेवटी ती डॉक्टरकडे गेली. तपासल्यावर तो त्वचेचा घातक कर्करोग निघाला, मेलॅनोमा. वेळेत काढल्यामुळे ती वाचली.

एका कुत्र्याच्या गोष्टीने काही सिद्ध होत नाही. खरी कसोटी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये लागली. मूत्राशयाचा कर्करोग असलेल्यांची आणि नसलेल्यांची लघवी जमवून सहा कुत्र्यांना शिकवलं. मग प्रत्येक कुत्र्यासमोर सात-सात नमुने मांडले. त्यात रुग्णाचा फक्त एक, आणि तो कुठला हे कुत्र्याला घेऊन येणाऱ्यालाही माहीत नाही. नुसता अंदाज मारला तर सातात एकदा बरोबर यावं, म्हणजे १४ टक्के. कुत्र्यांनी ५४ पैकी २२ वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे ४१ टक्के. हा आकडा ऐकून काहींचा विरस होईल. निम्म्याहून जास्त वेळा ते चुकले, हे खरंच आहे. पण लघवीत काहीतरी हुंगण्यासारखं आहे, एवढं मात्र त्यातून पक्कं झालं.

त्या प्रयोगातली एक घटना मला आकड्यापेक्षा मोलाची वाटते. शिकवणीच्या काळात निरोगी म्हणून धरलेल्या एका माणसाच्या नमुन्यापाशी सगळे कुत्रे पुन्हा पुन्हा थांबत होते. आधीच्या तपासण्यांत त्याला काही निघालं नव्हतं. कुत्रे इतके ठाम दिसले की डॉक्टरांनी त्याला परत तपासलं. त्याच्या उजव्या मूत्रपिंडात कर्करोग सापडला.

आता या विद्येतली सगळ्यात अवघड जागा. कुत्र्याला शिकवायचं कसं? बरोबर नमुन्यापाशी थांबला की खाऊ, चुकला की काही नाही. पण कुत्रा हुशार असतो आणि त्याला आपल्या कर्करोगाशी काही देणंघेणं नसतं. त्याला खाऊ हवा असतो. रुग्णांचे नमुने इस्पितळातून आणि निरोगी माणसांचे घरून आणले असतील, तर तो इस्पितळाच्या फिनेलचा वास शिकेल. रुग्ण सगळे म्हातारे आणि निरोगी सगळे तरुण असतील, तर म्हातारपणाचा वास शिकेल. तेच तीस नमुने पुन्हा पुन्हा दाखवले तर तीस माणसं पाठ करेल. आणि सोबतच्या माणसाला उत्तर माहीत असेल, तर त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखेल. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा करतो अशी ख्याती होती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की घोडा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा वाचत होता. बरोबर आकडा आला की माणूस नकळत सैल पडायचा, आणि घोडा थांबायचा. म्हणून 'कुत्र्याने ९८ टक्के अचूक ओळखलं' अशी बातमी वाचली की आधी विचारावं: नमुने नवे होते का? नमुना कुणाचा ते तिथल्या कुणाला ठाऊक होतं का? दोन्ही गटांतली माणसं बाकी बाबतींत सारखी होती का? बऱ्याच चमकदार बातम्या या तीन प्रश्नांपुढे फिक्या पडतात.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. शिकवणीत उत्तर माहीत असतं, म्हणून खाऊ देता येतो. प्रत्यक्ष कामात नव्या रुग्णाची थुंकी समोर आली, कुत्रा त्यावर थांबला, तर खाऊ द्यायचा का? तो चुकला असेल आणि आपण खाऊ दिला, तर आपणच त्याला चूक शिकवली. आणि खाऊ दिलाच नाही, तर चार दिवसांत तो काम सोडून देईल.

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात नीट शोधलंय ते टांझानियातल्या मोरोगोरो गावी. तिथल्या सोकोइने कृषी विद्यापीठात अपोपो नावाची संस्था आहे. बार्ट वीत्येन्स या बेल्जियन माणसाने भूसुरुंग हुंगून शोधणारे उंदीर तयार करायचे म्हणून ती सुरू केली. त्यांच्या मागावा नावाच्या उंदराने कंबोडियात इतके सुरुंग शोधले की २०२० मध्ये त्याला ब्रिटनमधल्या प्राणिसेवा संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. त्याच जातीच्या उंदरांना २००७ पासून टांझानियात आणि २०१३ पासून मोझांबिकमध्ये क्षयाच्या कामाला लावलंय. हा आपल्या घरातला उंदीर नव्हे. तो आपल्या घुशीएवढा, किलोभर वजनाचा, गालात थैल्या असलेला आफ्रिकी प्राणी आहे. आयुष्य सात-आठ वर्षांचं, शिकवणी साधारण ९ महिन्यांची.

काम असं चालतं. दवाखान्यांत खोकला घेऊन आलेल्यांच्या थुंकीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. तेच नमुने मग उंदरांकडे येतात. आधी ते तापवतात, म्हणजे जंतू मरतात आणि उंदराला किंवा माणसाला लागण होत नाही, वास मात्र शिल्लक राहतो. एका पेटीच्या तळाला ओळीने दहा भोकं असतात आणि प्रत्येक भोकाखाली एक नमुना. उंदीर एकेक भोक हुंगत जातो. जिथे तो साधारण तीन सेकंद नाक रोखून धरतो, तो नमुना संशयित. आणि खाऊचा प्रश्न? दवाखान्यात ज्यांचा क्षय आधीच सिद्ध झालाय असे काही नमुने मुद्दाम मध्ये पेरलेले असतात. खाऊ फक्त त्यांवर मिळतो. अनोळखी नमुन्यावर उंदीर थांबला तर नुसती नोंद होते. आपल्याला कधी मिळतं, कधी मिळत नाही, एवढंच उंदराला कळतं, आणि तो मन लावून हुंगत राहतो. शिवाय पेरलेल्या नमुन्यांपैकी किती त्याने पकडले, त्यावरून तो आज नीट काम करतोय की नाही तेही समजतं. इतकी साधी आणि प्रामाणिक युक्ती फार थोड्या ठिकाणी बघायला मिळते.

शंभर नमुने उंदीर २० मिनिटांत हुंगून टाकतो. सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या माणसाला तेवढ्याला चार दिवसही लागू शकतात. उंदराने दाखवलेले नमुने मग पुन्हा अधिक चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली जातात, आणि जंतू दिसले तरच रुग्णाला कळवतात. दवाखान्याने 'काही नाही' म्हणून घरी पाठवलेल्यांमधले रुग्ण यामुळे सापडतात, आणि सापडणाऱ्या रुग्णांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, असा संस्थेचा अनुभव आहे. यात जादू नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली क्षय दिसायला एका मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात. त्याहून कमी असले, किंवा तपासणारा दमलेला असला, तर रुग्ण सुटतो. लहान मुलांच्या थुंकीत जंतू कमीच असतात, म्हणून त्यांचा क्षय हमखास निसटतो.

तरीही जागतिक आरोग्य संघटनेने उंदराच्या हुंगण्याला निदान म्हणून मान्यता दिलेली नाही, आणि मला ते योग्य वाटतं. का, ते एका हिशेबाने सांगतो.

समजा एक कुत्रा शंभर आजाऱ्यांपैकी ९० ओळखतो, आणि शंभर निरोग्यांपैकी ९० जणांना बरोबर सोडून देतो. ऐकायला उत्तम. आता त्याला १,००० वस्तीच्या गावात नेलं. गावात खरे रुग्ण १०. त्यातले ९ त्याने पकडले, छान. पण उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी दर शंभरी १० जणांवरही तो थांबणार, म्हणजे ९९ जणांवर. एकूण १०८ माणसांकडे बोट दाखवलं, त्यातले आजारी फक्त ९. बाराजणांमागे अकराजण उगाच धास्तावले, आणि गावात कुजबुज सुरू झाली ती वेगळीच.

आता तोच कुत्रा घ्या, पण गावभर फिरवू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकणारे १,००० जण निवडा, आणि समजा त्यात १०० खरे रुग्ण आहेत. कुत्रा ९० पकडेल. ९०० निरोग्यांपैकी ९० जणांवर चुकून थांबेल. म्हणजे दाखवलेल्या दोघांपैकी एक खरंच आजारी. नाक तेच, फक्त त्याच्यासमोर कोण आणलं ते बदललं. मोरोगोरोचे उंदीर उपयोगी पडतात याचं मोठं कारण हे आहे की त्यांच्याकडे खोकणाऱ्यांची थुंकी येते, आणि त्यांच्या बोटानंतर दुसरी पक्की तपासणी असते. वास ही चाळणी आहे. कुणाला आधी तपासायचं एवढंच तिने सांगावं.

हे सगळं कोकणात का सांगायचं? जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. क्षय संपवायला आपण २०२५ हे वर्ष ठरवलं होतं, ते मागे पडलं. कोकणाचं आणि क्षयाचं नातं जुनं आहे. गिरणगावातल्या कोंदट खोल्यांमध्ये दहा-दहा जण राहायचे. छातीला लागलं की चाकरमानी गावी परत यायचा, आणि घरच्या पडवीत खोकत पडायचा. आजही वाडीवरून ग्रामीण रुग्णालयापर्यंत जायला अर्धा दिवस मोडतो. लावणीच्या दिवसांत तो कुणाला परवडत नाही. खोकला दमटपणामुळे आहे, धुरामुळे आहे, असं म्हणत महिना निघून जातो. आणि घरात क्षय निघाला तर मुलीच्या लग्नाचं काय, ही भीती असते ती असतेच. अशा ठिकाणी लवकर आणि स्वस्तात चाळून देणाऱ्या नाकाचं आकर्षण मला पुरेपूर कळतं.

तरी ते आफ्रिकी उंदीर इथे आणावेत असं मी म्हणणार नाही. फ्लोरिडाजवळच्या एका बेटावर पाळलेले असे उंदीर सुटले आणि तिथे त्यांची रानटी वस्ती झाली. २००३ मध्ये अमेरिकेत मंकीपॉक्सची साथ आली ती आफ्रिकेतून विक्रीसाठी आणलेल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांबरोबर, आणि त्यात हे उंदीरही होते. उंदराच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात उतरणाऱ्या लेप्टोने दर पावसाळ्यात आपली माणसं आजारी पडतात. नव्या जातीचा उंदीर इथे आणणं हे विकतचं दुखणं ठरेल. शिवाय क्षयासाठी आपल्या शेजारीच दुसरी सोय झालीय. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र थुंकीतल्या जंतूचा जनुकीय माग काढतं. सूक्ष्मदर्शकापेक्षा ते कितीतरी कमी जंतू पकडतं, आणि औषध लागू पडेल की नाही हेही सांगू शकतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, संध्याकाळी कणकण वाटत असेल, वजन उतरत असेल, तर आशाताईंना सांगून थुंकी तपासून घ्या, आणि जनुकीय चाचणी होईल का ते विचारा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात. थुंकी देताना तोंडातली लाळ देऊ नका. सकाळी उठल्यावर छातीतून खोकून काढलेला बेडका द्या. उंदीर असो की यंत्र, नमुना लाळेचा असला तर दोघेही फसतात.

हिवतापाचा प्रयोगही सांगण्याजोगा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात ताप नसलेल्या, हसत-खेळत असलेल्या शाळकरी मुलांना रात्रभर नायलॉनचे मोजे घालायला दिले. मोजे इंग्लंडला नेले आणि कुत्र्यांपुढे ठेवले. ज्यांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी होते, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के मुलं कुत्र्यांनी मोज्यांवरून ओळखली, आणि निरोगी मुलांपैकी सुमारे ९० टक्के बरोबर सोडली. २०१८ मध्ये हे जाहीर झालं. ताप नसलेल्या माणसाच्या अंगात परजीवी असेल तर तो स्वतः तपासायला जात नाही, पण त्याला चावलेला डास पुढे लागण नेतो. बंदरात, विमानतळावर असे प्रवासी चाळायला हे नाक कामाचं ठरू शकतं. आणि यात एक विलक्षण गोष्ट आहे. हिवतापाचा परजीवी माणसाच्या अंगाचा वास बदलतो, अल्डिहाइड नावाची काही उडणारी संयुगं वाढतात, आणि त्या वासाकडे डास जास्त ओढले जातात. म्हणजे हा वास कुत्र्याच्या कितीतरी आधीपासून डासाला कळतोय.

माणसाचं नाक अगदीच निकामी आहे असंही नाही. स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न या नर्सला नवऱ्याच्या अंगाला एक वेगळा, कस्तुरीसारखा दर्प यायला लागला. त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी त्याला कंपवाताचं, पार्किन्सनचं निदान झालं. पुढे कंपवाताच्या रुग्णांच्या एका मेळाव्यात तिला तोच दर्प सगळीकडून आला. एडिनबरा विद्यापीठातल्या टिलो कुनाथ यांनी तिची परीक्षा घेतली. सहा रुग्णांचे आणि सहा निरोग्यांचे वापरलेले टी-शर्ट तिला हुंगायला दिले. तिने सहाही रुग्ण ओळखले, पण निरोग्यांपैकी एकाला रुग्ण म्हटलं. आठेक महिन्यांनी त्या 'निरोगी' माणसाचा फोन आला, त्याला कंपवाताचं निदान झालं होतं. मँचेस्टर विद्यापीठातल्या पर्डिटा बॅरन यांच्या चमूने मग रुग्णांच्या पाठीवरचा तेलकट स्राव तपासून त्यात कोणती संयुगं बदललीत ते शोधलं, आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आता कापसाच्या बोळ्याने पाठ पुसून कंपवात ओळखायची चाचणी तयार करायचं काम चालू आहे.

मला यातली खरी दिशा इथे दिसते. जनावराला किंवा एखाद्या दुर्मीळ नाकाला वास येतो म्हणजे तिथे शोधण्यासारखं काहीतरी आहे हे नक्की. मग ते नेमकं काय हे यंत्राने वेगळं काढायचं आणि त्याची स्वस्त चाचणी करायची. कुत्रा दमतो, आजारी पडतो, उकाड्यात धापा टाकायला लागला की नीट हुंगू शकत नाही. आपल्या मे महिन्यात तर तो किती वेळ काम करील हा प्रश्नच आहे. फ्रान्समध्ये २०२२ मध्ये साध्या मुंग्यांना साखरपाण्याच्या आमिषाने तीनच फेऱ्यांत कर्करोगाच्या पेशींचा वास ओळखायला शिकवलं. कोविडच्या काळात हेलसिंकीच्या विमानतळावर कुत्रे उभे केले, आपल्या सैन्यानेही घाम आणि लघवीवरून कोविड ओळखणारे कुत्रे तयार केले. हे सगळं उपयोगी आहे, पण गल्लीतला कुत्रा येऊन पाय हुंगू लागला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. त्याला बहुधा तुम्ही आणलेल्या बोंबलांचा वास आलेला असतो. पाळलेला, ओळखीचा कुत्रा मात्र महिनोन्महिने एकाच जागी अडून बसत असेल, तर ती जागा एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावी.

कोकणात या विद्येचा पहिला प्रयोग करायचा तर तो माणसांवर करू नये, माडावर करावा, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत लिंबूवर्गीय झाडांचा हिरवेपणाचा रोग कुत्रे लागण झाल्यापासून काही आठवड्यांतच ओळखतात, पानांवर काही दिसायच्या कितीतरी आधी. इस्रायल आणि इटलीत खजूर-ताडांमधला सोंड्या भुंगा शोधायला कुत्र्यांना शिकवून पाहिलंय. हाच सोंड्या भुंगा आपल्या माडांचा काळ आहे. गेंड्या भुंग्याने केलेल्या जखमेत त्याची मादी अंडी घालते, अळ्या खोड आतून पोखरतात, आणि शेंडा माना टाकतो तेव्हा वेळ गेलेली असते. पोखरलेल्या खोडाच्या आत आंबल्याचा वास येतो. माहीतगार बागायतदार खोडाला कान लावून अळ्यांची कुरकुर ऐकतात, पण किती माडांना कान लावणार? इथे कुत्रा चुकला तर कुणाच्या घरात रडारड होत नाही, फार तर एक माड उगाच तपासला जातो. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. पोखरलेले माड, निरोगी माड आणि नुसत्या जखमा झालेले पण अळी नसलेले माड, असे तिन्ही तिथे मिळतील. हा तिसरा गट सगळ्यात महत्त्वाचा, नाहीतर कुत्रा अळीऐवजी जखमेचा वास शिकून बसेल. शिकवणारा एक आणि कुत्र्याला बागेत फिरवणारा दुसरा हवा, आणि कुठला माड पोखरलाय हे त्या दुसऱ्याला सांगायचं नाही. वेळ पहाटेची, ऊन चढायच्या आधीची. कुत्रा ज्या माडाशी बसेल त्याच्या खोडाला कान लावायचा, तपकिरी रस गळणारं भोक शोधायचं, आणि सापडलं तर औषध घालून ते लिंपून टाकायचं. अळी शेंड्यापर्यंत पोचलेली नसेल तर तो माड वाचतो.